गावाला दोन दुर्बिणी घ्या, मग बिबट्याचं बोलू

"शिवारात बिबट आला आहे. कोणीही एकट्यानं वावरात जाऊ नये." मागच्या पंधरवड्यात सायंकाळी साडेपाचच्या सुमारास गावच्या ग्रुपवर हा मेसेज पडला. सोबत अकरा सेकंदांचा व्हिडिओ. व्हिडिओत काय, तर तुरीचं वावर, त्यापलीकडे धुरा आणि धुऱ्यावर एक भुरकट ठिपका. झूम करून करून काढलेला, त्यामुळे ठिपक्याचे चौकोन झालेले. मेसेजमध्ये लिहिलं होतं वावरात जाऊ नका, आणि झालं नेमकं उलटं. पंधरा मिनिटांत वीस-पंचवीस गाड्या त्याच धुऱ्याच्या दिशेनं. एकेका गाडीवर तीन-तीन पोट्टे, प्रत्येकाच्या हातात मोबाईल.

मीही गेलो. खोटं कशाला सांगू. पण माझ्या शर्टाच्या खिशात एक वस्तू होती, ती त्या पन्नास-साठ जणांत कोणाकडेच नव्हती. एका डोळ्यानं पाहायची छोटी दुर्बीण, मोनोक्युलर म्हणतात ती. बोटभर लांब, वजन जेमतेम लहान मोबाईलएवढं. पांदणीवरच थांबलो, गाडीच्या सीटवर कोपर टेकवला आणि पाहिलं. तीनेकशे मीटरवर जनावर उभं होतं. पुढचे पाय उंच, पाठ मागं उतरलेली, मानेवर केसांची आयाळ, अंगावर उभे पट्टे. तडस!

बाजूच्या पोराला दुर्बीण दिली. तो पाहून म्हणे, "काका, हे तं बिबट नोय ना बावा. हे कुत्र्यावानी दिसून रायलं." पण तोवर पुढचे दहा-बारा जण वावरात शिरले होते. तुरीच्या चार तासांचा चेंदा करून ते जवळ पोचले, आणि तडस बिचारं नाल्यात उतरून निघून गेलं. ग्रुपवर मी लिहिलं की तडस आहे, काळजीचं कारण नाही. ते कोणी वाचलं नाही. व्हिडिओ मात्र रात्रीतून तिवसा, आर्वी, धामणगाव फिरून आला आणि सकाळी मलाच एकानं पाठवला, "तुमच्या गावात बिबट म्हणे?"

दुसऱ्या दिवशी काय झालं ते लिहितो, कारण खरा मुद्दा तिथं आहे. कापूस वेचायला बाया आल्या नाहीत. दोन दिवस आल्या नाहीत. त्यांची दोन दिवसांची मजुरी बुडाली, कास्तकाराची फुटलेली बोंडं पऱ्हाटीवरच राहिली. हरभऱ्याला रात्रीच्या लाइनवर पाणी द्यायचं होतं, तिथं कोणी एकटं जाईना. एका तडसाला बिबट म्हटल्याची ही किंमत. ती कोण्या पंचनाम्यात येत नाही.

आता कोणी म्हणेल, अफवा आहे म्हणून भीतीच खोटी आहे का? नाही, अजिबात नाही. आपल्या भागाला हे सांगायची गरज नाही. 2018 च्या ऑक्टोबरात चंद्रपूरकडून चालत आलेला वाघ वर्धा जिल्ह्यातून आपल्याकडे उतरला आणि मंगरूळ दस्तगीर-अंजनसिंगीच्या पट्ट्यात काही दिवसांच्या आत दोन माणसं गेली. अंजनसिंगी आपल्यापासून किती लांब आहे ते मी सांगायला नको. तो वाघ पुढं मध्य प्रदेशात गेला, बैतूल जिल्ह्यात सारणीला त्याला पकडलं. एवढा शेकडो किलोमीटरचा प्रवास, शेतातून, नाल्यातून, गावांच्या कडेकडेनं. नदीपलीकडे वर्धा जिल्ह्यात बोरचा व्याघ्र प्रकल्प, वर मेळघाट, मधे पोहरा-मालखेडचं जंगल. आपण वाटेवर राहतो, भाऊ. वर्धा नदीचा काठ जसा आपल्या येण्या-जाण्याचा, तसा त्यांच्याही. म्हणूनच मला वाटते की जे दिसलं ते नेमकं काय आहे हे लांबून, सुरक्षित अंतरावरून ओळखता येणं ही आपल्यासाठी हौसेची गोष्ट उरली नाही. खत-बियाण्यासारखी गरजेची झाली आहे.

आणि ते काम मोबाईल करू शकत नाही.

हे जरा नीट समजून घ्या. मोबाईलमध्ये झूम केलं की बहुतेक वेळा होतं एवढंच की आधी काढलेलं चित्र ओढून मोठं केलं जातं. नवीन काही दिसत नाही, जे आहे तेच पसरतं. महागड्या फोनात वेगळी लेन्स असते, ती थोडी बरी, पण सायंकाळी उजेड कमी झाला की तिचाही चिखल होतो. आणि जनावर निघतं कधी? सायंकाळीच. मग माणूस काय करतो? जवळ जातो. मोबाईलनं चांगलं दिसत नाही म्हणून पाय पुढं पडतात. दुर्बिणीचं उलटं आहे. आठपट दुर्बिणीतून चारशे मीटरवरचं जनावर पन्नास मीटरवर असल्यासारखं दिसतं, त्यामुळे पुढं जायची गरजच उरत नाही. बाकी सगळं सोडा, माझ्या मते एवढ्या एका फरकासाठी गावात दुर्बीण पाहिजे.

आता घ्यायची कोणती. इथं मी स्वतः फसलेलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोन वर्षांआधी मोबाईलवर एक जाहिरात सारखी दिसायची. "40 × 60, लष्करी दर्जा, दहा किलोमीटरपर्यंत स्पष्ट." सोबत चंद्राचे खड्डे दाखवलेले. किंमत सातशे-आठशे, आजच्या दिवसापुरती म्हणे. मागवली. नाव घेत नाही, अशा नावांचा काही नेमच नसतो, दर महिन्याला बदलतं. खोक्यात एक जाडजूड नळी आली, दिसायला झकास. नदीपलीकडच्या झाडावर लावली तर मधे थोडं दिसे, कडा सगळ्या पुसट, आणि पांढऱ्या बगळ्याला निळी-जांभळी किनार. घरच्यांनी विचारलं, "कायले घेतली हे?" उत्तर नव्हतं.

नंतर एका जाणकारानं मला घरच्या घरी पारख करायची युक्ती सांगितली, ती तुम्हालाही देतो. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करा. डोळ्याच्या बाजूच्या भिंगात एक गोल चमकदार टिकली दिसते. पट्टीनं त्या टिकलीची रुंदी मोजा. मग पुढच्या मोठ्या काचेची रुंदी मोजा. मोठ्याला लहानानं भागा. जो आकडा येईल साधारण तेवढे पट तुमची दुर्बीण मोठं दाखवते. माझ्या "40 × 60" वालीची पुढची काच चाळीस मिलिमीटर निघाली आणि टिकली पाचची. म्हणजे आठपट! ना चाळीस खरं, ना साठ. दुर्बिणीवरच्या आकड्यांचा नियम साधा आहे: पहिला आकडा पट, दुसरा पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. 8 × 42 म्हणजे आठपट आणि बेचाळीस मिलिमीटरची काच. ज्यानं दोन्ही आकडे खोटे छापले त्याचं बाकी काय खरं मानायचं?

आणि समजा खरंच चाळीसपट असती, तरी उपयोग शून्य. हातात धरून दहापटीच्या वर गेलं की हाताची थरथरही तेवढ्याच पटीनं मोठी होते. तीन पायांच्या स्टँडशिवाय काही स्थिर दिसत नाही. शिवाय पट वाढली की समोरचा भाग अरुंद होतो. जनावर कुठं आहे हेच सापडत नाही, सापडेपर्यंत ते गेलेलं असतं. पोरांना हे पटत नाही. त्यांना वाटते जास्त आकडा म्हणजे जास्त भारी. मी प्रत्येक वेळी सांगतो, आठ पुरे. फार तर दहा.

दुसरा आकडा उजेडाचा. त्या टिकलीचं माप आठवा. दिवसा आपल्या डोळ्यातली बाहुली दोन-तीन मिलिमीटर उघडते, अंधार पडत गेला की पाच-सहा, तरुणांची सातपर्यंतही. खिशातली 8 × 25 असेल तर टिकली तीन मिलिमीटरची. दिवसा उत्तम, दिवेलागणीला अंधुक. 8 × 42 असेल तर पाच मिलिमीटरच्या वर. ती खिशात जड होते, पण सायंकाळी धुऱ्यावर काय उभं आहे ते तीच सांगते. म्हणून फिरायला जाणाऱ्यानं पंचवीसची घ्यावी, शिवारासाठी गावानं बेचाळीसची. मेळघाटात बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसणारे सांगतील, चांदण्यात पंचवीसची काच म्हणजे नुसता खेळ.

बाकीच्या दोन-चार गोष्टी. चष्मा असेल तर डोळ्याच्या बाजूचं रबर मागं दुमडतं की नाही पाहा, आणि चष्म्यासकट पूर्ण गोल दिसतो का तेही. पावसाळ्यात चिखलदऱ्याला नेणार असाल तर आत वायू भरून बंद केलेली, पाणी न जाणारी घ्या, नाही तर आतून धुकं धरते आणि मग ते पुसता येत नाही. धूळ दुपट्ट्यानं किंवा शर्टाच्या टोकानं पुसू नका, काचेवरचा थर खरवडला जातो. आधी फुंकर, मग मऊ फडकं. आणि लेकरांच्या हातात देताना पहिली ताकीद ही की सूर्याकडे कधीही नाही. एका क्षणात डोळा कायमचा जातो. यात गंमत नाही.

दोन डोळ्यांची दुर्बीण जास्त चांगली का? हो, चांगली. तास-दीड तास पक्षी पाहायचे तर दोन डोळ्यांनीच पाहावं, एक डोळा मिटून मिटून डोकं दुखतं. पण ती गळ्यात अडकवावी लागते, आणि गळ्यात दुर्बीण घालून आपल्याकडे वावरात कोण जातं? चार लोक विचारतील, "काय साहेब झाले का?" ती घरीच राहते. खिशातली मात्र विळ्यासारखी, टॉर्चसारखी सोबत येते. आणि सोबत असते तीच कामाची.

फिरणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट सांगतो. नरनाळा, गाविलगड आपल्याकडचे किल्ले. दर हिवाळ्यात पोरांचे घोळके जातात. बुरुजाच्या कमानीखाली, कड्याच्या कपारीत आग्या मोहोळं लटकलेली असतात. खालून ती काळपट डागासारखी दिसतात, कोणी लक्ष देत नाही. वर जाऊन कोणी सिगारेट पेटवली, कोणी अत्तर मारून गेलं, कोणी खडा भिरकावला, की मग पळायला जागा नाही. दुर्बिणीतून खालूनच कमानी पाहून घेतल्या तर डाग आहे की मोहोळ हे एका मिनिटात कळते. वाट बदलता येते. वाघ-बिबट्यापेक्षा आग्या माश्यांचं भय किल्ल्यावर जास्त, हे चढणारे सगळे जाणतात, पण तयारी कोणी करत नाही. हातात काठी, पाठीवर पाण्याची बाटली आणि खिशात एक काच, एवढं पुरे आहे.

आता मेळघाटाचं नाव निघालंच आहे तर रानपिंगळ्याचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. हा छोटा घुबडाच्या जातीचा पक्षी 1884 नंतर कोणाला खात्रीनं सापडलाच नव्हता. मधे रिचर्ड माइनर्ट्झहॅगन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं 1914 मध्ये आपण तो मिळवल्याचं लिहून ठेवलं होतं. पुढं पामेला रासमुसेन या बाईंनी शोधून काढलं की ती चक्क चोरी होती, संग्रहालयातला जुनाच नमुना उचलून त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली. म्हणजे सगळे त्याला चुकीच्या ठिकाणी शोधत होते! जुन्या खऱ्या चिठ्ठ्या धरून त्या आणि त्यांचे सोबती शोधत आले आणि 1997 च्या नोव्हेंबरात आपल्याच महाराष्ट्रात, शहाद्याजवळ, त्यांना तो दिवसाढवळ्या फांदीवर बसलेला दिसला. एकशे तेरा वर्षांनी. नंतर कळलं की मेळघाटातही तो आहे, आणि चांगल्या संख्येनं आहे. म्हणजे इतकी वर्षं आपल्या डोंगरातली माणसं त्याच्याखालून जात-येत होती.

साधा पिंगळा आणि रानपिंगळा यांत फरक काय? साध्याच्या डोक्यावर, पाठीवर ठळक पांढरे ठिपके. रानपिंगळ्याचं डोकं जवळपास कोरं, आणि पंखावर, शेपटीवर जाड पट्टे. हा फरक नुसत्या डोळ्यानं पन्नास पावलांवरून कळत नाही. काचेतून कळतो. तडस आणि बिबट यांतला फरकही तसाच, रानमांजर आणि बिबट्याचं पिल्लू यांतला फरकही तसाच. खोटी चिठ्ठी लावणारा माइनर्ट्झहॅगन आपल्याकडे आता गावोगावी आहे, फक्त तो चिठ्ठीऐवजी व्हिडिओ पाठवतो.

मारुती चितमपल्ली गेल्या वर्षी, 2025 च्या जूनमध्ये गेले. वनखात्याची नोकरी करता करता त्या माणसानं जंगलातल्या लोकांकडून पक्ष्यांची, झाडांची नावं गोळा केली, कोश केले. त्यांची आठवण येते ती यासाठी की नाव असलं की पाहणं येतं. आपल्या आजोबांना रोह्याची, तडसाची, मसन्याउदाची, टिटवीची ओळख होती, कारण ते जागलीला वावरात निजायचे. आपण आता घरून मोटर चालू-बंद करतो. ओळख गेली आणि भीती राहिली.

मोबाईलवर परत येतो, कारण लोक म्हणतात, व्हिडिओ काढला तर त्यात गुन्हा काय? 31 डिसेंबर 2024 ला उमरेड-करांडल्यात काय झालं ते आठवा. वाघीण आणि तिची पिल्लं रस्त्यावर आणि दोन्हीकडून पर्यटकांच्या जिप्सी. पुढं जायला जागा नाही, मागं नाही. सगळ्यांचे मोबाईल वर. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून त्याची दखल घेतली. ताडोब्यात तर त्याच्या कितीतरी आधीच सफारीत मोबाईलवर बंदी आली होती. तिथं निदान गाईड आहे, गेट आहे, नियम आहे, दंड आहे. आपल्या पांदणीवर काय आहे? तिथं बिबट खरंच असता आणि साठ माणसांनी तीन बाजूंनी घेरला असता, तर तो चौथ्या बाजूच्या माणसावर पडला असता. मग आपणच ओरडलो असतो की बिबट माणसावर हल्ला करतो.

तर माझं म्हणणं सरळ आहे. गावानं दोन चांगल्या दुर्बिणी घ्याव्या. एक ग्रामपंचायतीत, एक शाळेत. कामाची वस्तू अडीच-तीन हजारांपासून मिळते, त्याखालच्या बहुतेक वस्तू माझ्या पहिल्या नळीच्या बहिणी आहेत. दोन मिळून सहा-सात हजार धरा. आपण स्वागत कमानीच्या रंगाला याहून जास्त खर्च करतो.

"हे ग्रामपंचायतीचं काम आहे काय?" आहे. जैवविविधता कायदा 2002 चा आहे. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला पाहिजे आणि त्या समितीनं गावातली झाडं, पक्षी, प्राणी, मासे, जुनी बियाणं यांची लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला पाहिजे. आपापल्या गावात जाऊन विचारा, समितीत कोण आहे. बहुतेक ठिकाणी सदस्यालाच माहीत नसते की तो सदस्य आहे. नोंदवही कपाटात असते, आणि कुठंतरी बसून कोणीतरी भरलेली असते. शेजारच्या गावाची आणि आपली यादी तंतोतंत सारखी निघाली तर नवल मानू नका. ज्यांनी कधी पाहिलंच नाही ते नोंद काय करणार? म्हणून मी म्हणतो, समितीला आधी पाहायचं साधन द्या.

आक्षेप मी ऐकले आहेत. पहिला, "हे वनखात्याचं काम." त्यांचं आहेच. 1926 हा त्यांचा नंबर आहे, तो सगळ्यांनी फोनमध्ये ठेवावा. पण एका वनरक्षकाकडे किती गावं असतात ते पाहा. त्याला फोन केला तर तो पहिला प्रश्न विचारतो, "नेमकं काय दिसलं?" आपण म्हणतो, "बिबटच आहे साहेब." तो येतो, ठसे पाहतो, तडसाचे निघतात. तीनदा असं झालं की चौथ्यांदा तो सावकाश येतो, आणि नेमका त्याच दिवशी खरा बिबट असतो. लांडगा आला रे आला, दुसरं काय. त्याला नीट माहिती दिली, रंग, ठिपके की पट्टे, कोणत्या दिशेनं गेला, सोबत पिल्लू होतं का, तर त्याचंही काम सोपं होतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो एका बाईनं घेतला. "भाऊ, पोट्ट्यांच्या हाती दुर्बीण देता, ते जनावरं पायतीन का नदीवर धुणं धुणाऱ्या बाया?" मला पटला. हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणून माझं मत असं की गावाची दुर्बीण कोणाच्या खिशात राहू नये. ग्रामपंचायतीत रजिस्टरवर सही करून न्यावी, त्याच दिवशी परत आणावी, काय पाहिलं ते एका ओळीत लिहावं. आणि समितीत बाया असाव्या, कायद्यातही त्यांना जागा ठेवलेली आहे. शेवटी वावरात सगळ्यात जास्त वेळ वाकून असतात त्या बायाच. जनावर आधी त्यांनाच दिसतं, आणि धोकाही आधी त्यांनाच.

तिसरा, "शिकाऱ्यांना फायदा होईल." शिकाऱ्याला दुर्बिणीची गरज नाही हो. तो तारेत करंट सोडतो. रानडुकरासाठी, रोह्यासाठी म्हणून सोडलेल्या करंटनं वाघ मेले आहेत आणि आपलीच माणसंही मेली आहेत. त्यावर गावात कोणी बोलत नाही, आणि आक्षेप मात्र काचेच्या नळीवर.

एक मर्यादा मीच सांगून टाकतो. दुर्बिणीनं बिबट जात नाही. तुरीत, उसात, नदीकाठच्या झाडोऱ्यात दडलेलं जनावर कोणत्याच काचेतून दिसत नाही. रात्री तर नाहीच. म्हणून रात्रीच्या लाइनऐवजी दिवसा वीज द्या ही मागणी जिथल्या तिथं आहे, ती सोडायची नाही. दुर्बीण त्या मागणीला पर्याय म्हणून कोणी पुढं केली तर पहिला विरोध मी करीन.

परवा सकाळी टेकाडावर गेलो होतो. हेच ते पांढरीचं टेकाड, जिथं मोरेश्वर दीक्षितांनी 1962 ते 64 मध्ये खोदकाम केलं आणि आपल्या पायाखाली किती जुनं गाव दबलं आहे ते दाखवलं. तिथून नदीचं पात्र लांबवर दिसतं. रुक्मिणीनं अंबिकेच्या दर्शनाच्या निमित्तानं रथाची वाट इथूनच कुठून तरी पाहिली असेल, असं आमची आजी सांगायची. मी पाहिले ते चक्रवाक. नारिंगी-तांबूस, जोडीजोडीनं, वाळूच्या कडेला. हिमालयापलीकडून येतात, कार्तिकाच्या यात्रेच्या आगंमागं दिसायला लागतात आणि उन्हं तापली की जातात. शाळेतली दोन लेकरं बाजूला येऊन उभी राहिली. एकाला दुर्बीण दिली. त्यानं बराच वेळ पाहिलं, मग न विचारताच दुसऱ्याला दिली आणि मला विचारलं, "काका, हे रोजच इथंच असते काय?" म्हटलं, तीन-चार महिने असते. तो म्हणे, "मले कधीच नाही दिसले."

26 जानेवारीच्या ग्रामसभेत मी दोन विषय लेखी देतो आहे. एक, जैवविविधता समितीच्या सदस्यांची नावं वाचून दाखवावी आणि नोंदवही सगळ्यांना पाहायला ठेवावी. दोन, दोन दुर्बिणींचा खर्च मंजूर करावा, 8 × 42, आणि घेण्याआधी पट्टी लावून टिकली मोजावी. अर्जाचा नमुना ज्यांना पाहिजे त्यांनी कमेंटमध्ये गावाचं नाव लिहा, पाठवतो. आणि ज्यांच्याकडे त्या सायंकाळचा अकरा सेकंदांचा व्हिडिओ अजून आहे त्यांनी तो कृपा करून डिलीट करा. बाया कालपासून वेचणीला आल्या आहेत.